नॉर्वेत खडकाखडकावर, ब्रिटनमध्ये संकटग्रस्त: वुडसिया नावाच्या नेच्याची गोष्ट

प्रश्न एडिनबर्गमध्ये राहणाऱ्या एका मराठी वाचकाचा आहे. थोडक्यात असा: "सुट्टीच्या दिवशी मी दक्षिण स्कॉटलंडमधल्या मॉफॅटच्या डोंगरांत भटकतो. तिथला ऑब्लाँग वुडसिया नावाचा नेचा अगदी संपत आलाय असं वाचलं. पण नॉर्वेला गेलो होतो तेव्हा हाच नेचा रस्त्याकडेच्या खडकांवर दिसला. मग त्याला दुर्मिळ म्हणायचं कशाला? नेच्याचे बीजाणू वाऱ्यावर कुठच्या कुठे जातात, तर इतक्या वर्षांत तो आपणहून परत का पसरला नाही? मी एखादं पान आणून बीजाणू पेरले आणि रोपं कड्यावर नेऊन लावली तर चालेल का? आणि आपल्या हिमालयातल्या उंचावरच्या नेच्यांचीही हीच गत आहे का?"

माझं काम बीजाणूंपासून नेचे वाढवण्याचं. त्यामुळे या चारांतला दुसरा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, आणि बाकीच्या तिघांची उत्तरंही त्याच्यातच अडकलेली आहेत. तिथे मी जरा रेंगाळणार आहे.

आधी ओळख. वुडसिया इल्व्हेन्सिस, म्हणजेच तुमचा ऑब्लाँग वुडसिया, हा वीतभरसुद्धा न होणारा नेचा. ब्रिटनमध्ये त्याची पानं साधारण पाच ते पंधरा सेंटिमीटर लांब. कड्याच्या फटीत एक झुबका, पानाच्या खालच्या बाजूला दाट केस आणि खवले, आणि उन्हाळा सरत आला की हे केस तांबूस होतात. अमेरिकेत त्याला 'गंजलेला वुडसिया' म्हणतात ते यावरून. कोरड पडली की पानं आत वळतात, पाऊस झाला की पुन्हा उलगडतात. हिवाळ्यात पानं मरतात आणि खडकात फक्त खोड उरतं. ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण मात्र पानात नाही, देठात आहे. देठावर ठरावीक उंचीला एक सांधा असतो, जुनं पान तिथेच तुटतं. त्यामुळे झुबक्याच्या बुडाशी सारख्या उंचीची खुंटं राहतात, भात कापून नेलेल्या चुडासारखी. शेजारच्याच फटीत वाढणारा, लांबून तसाच दिसणारा सिस्टॉप्टेरिस नावाचा नेचा असतो. त्याचे देठ वाटेल तिथे मोडतात. भिंग जवळ असेल तर पानाच्या मागे बघा: वुडसियात बीजाणुधान्यांच्या (बीजाणूंच्या बारीक पिशव्यांच्या) पुंजक्याखाली एक झालर असते आणि तिचे केसांसारखे धागे पुंजक्याला खालून वेढतात.

त्याचा जवळचा नातेवाईक वुडसिया अल्पिना. हा मूळचा संकर: इल्व्हेन्सिस आणि वुडसिया ग्लाबेला यांच्यापासून झालेला, आणि दोघांचेही गुणसूत्रसंच पूर्णच्या पूर्ण बाळगणारा. इल्व्हेन्सिसची गुणसूत्रं ८२, म्हणजे दोन संच; अल्पिनाची १६४, म्हणजे चार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता दुर्मिळ म्हणजे काय ते. इल्व्हेन्सिस उत्तर ध्रुवाभोवती गोल पसरलेला आहे: स्कँडिनेव्हिया, आइसलँड, सायबेरिया, जपान, कॅनडा, अमेरिकेची न्यू इंग्लंडकडची राज्यं. सगळ्या जगाचा हिशेब मांडला तर याला धक्का लागलेला नाही, आणि युरोपभराच्या लाल यादीतही (धोक्यातल्या जातींची पाहणी करणारी यादी) तो सुरक्षितांतच आहे. तुम्ही नॉर्वेत पाहिलंत ते बरोबरच होतं. पण लाल यादी देशापुरतीही करतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये मोजदाद झाली तेव्हा स्कॉटलंड, लेक डिस्ट्रिक्ट आणि उत्तर वेल्स मिळून शंभराच्या आत झुबके निघाले, तेही मोजक्या पाच-एक जागी. लाल यादीचे निकष कोरडे असतात. प्रजननक्षम रोपं हजाराच्या खाली गेली तर 'असुरक्षित', अडीचशेच्या खाली 'संकटग्रस्त', पन्नासच्या खाली 'अतिसंकटग्रस्त'. बाकी काहीही सिद्ध करावं लागत नाही, नुसता आकडा पुरतो. ब्रिटनचा वुडसिया या हिशेबाने 'संकटग्रस्त' आहे.

देशापुरता शेरा देताना एक प्रश्न मात्र विचारावाच लागतो: शेजारच्या देशातून नवी भर पडू शकते का? पक्ष्यांच्या बाबतीत हा प्रश्न फार मोलाचा असतो. समुद्रापलीकडे भरपूर असतील तर इथली घट तितकी भयंकर नाही, म्हणून शेरा एक पायरी सौम्य करायची मुभा असते. नेच्यांच्या बाबतीत कागदावर ही मुभा सर्रास मिळायला हवी. बीजाणू धुळीहून बारीक, नॉर्वे उत्तर समुद्राच्या पलीकडेच. तुमचा दुसरा प्रश्न नेमका हाच आहे, आणि या नेच्याच्या बाबतीत उत्तर असं की भर पडत नाही.

पण तो इतका कमी झालाच कसा, ते आधी सांगते. ही गोष्ट ब्रिटनची अब्रू काढणारी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे नेचे गोळा करायचं खूळ पसरलं. लेखक चार्ल्स किंग्सली यांनी १८५५ मध्ये त्याला 'टेरिडोमेनिया' असं नावही दिलं. खुळाला खतपाणी घातलं ते एका काचेच्या पेटीने. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड एका बंद बाटलीत पतंगाचा कोश उबवायला ठेवून बसले होते, आणि त्या ओल्या मातीत एक नेचा उगवला. लंडनच्या काजळीत बाहेर मरणारी झाडं झाकलेल्या काचेत जगतात हे त्यातून कळलं. (याच वॉर्डच्या पेट्यांतून पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी पाठवली. म्हणजे आपल्या सकाळच्या चहाशीही त्या बाटलीचा धागा जुळतो.) मग प्रत्येक सुखवस्तू घराच्या दिवाणखान्यात अशी पेटी आली. पेटीत दुर्मिळ काही असलं तर पाहुण्यांसमोर मिरवता यायचं. रेल्वेने डोंगर जवळ आणले, स्थानिक वाटाडे नेचे उपटून विकू लागले, आणि दोन्ही वुडसियांना चांगला भाव होता.

मॉफॅटच्या डोंगरांत इल्व्हेन्सिस ब्रिटनमध्ये कदाचित सगळ्यात जास्त होता. म्हणून मारही तिथेच सगळ्यात जास्त बसला. जॉन सॅडलर, पुढे एडिनबर्गच्या रॉयल बोटॅनिक गार्डनचे क्युरेटर झालेले, मॉफॅटजवळ एक नेचा काढताना कड्यावरून जाता जाता वाचले. उत्तर वेल्समधले वाटाडे विल्यम विल्यम्स वाचले नाहीत. १८६१ मध्ये अल्पिना काढायला गेलेले ते कड्याच्या पायथ्याशी मृत सापडले. त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी वेल्श निसर्गअभ्यासक एडवर्ड लुइड यांनी ही जात पहिल्यांदा गोळा केली तोच हा कडा. माणसं अशी जीव धोक्यात घालत होती म्हणजे हाताला येणाऱ्या जागा तोवर रिकाम्या झाल्या होत्या, हा त्यातला आमच्या कामाचा भाग. आज उरलेले झुबके बहुतेक अशाच अवघड जागी आहेत. त्या जागा वुडसियाला आवडतात म्हणून नव्हे, तिथे कुणाचा हात पोचला नाही म्हणून. संवर्धनाच्या कामात हा फरक कायम डोक्यात ठेवावा लागतो. एखादी वनस्पती आज जिथे दिसते ती तिची पसंतीची जागा असेलच असं नाही. उरलेल्या जागा बघून 'याला अशीच फट लागते' असा नियम बांधला तर नवी रोपंही वाईटच जागी लावली जातात.

खूळ विसाव्या शतकाच्या तोंडावर ओसरलं. १९७५ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये पहिल्यांदा मोजक्या एकवीस रानवनस्पतींना संरक्षण मिळालं, त्यांत दोन्ही वुडसिया होते. १९८१ च्या वन्यजीव आणि ग्रामीण प्रदेश कायद्याच्या आठव्या परिशिष्टातही ते आहेत. म्हणजे उपटणं थांबून शंभर वर्षं होत आली, कायदा येऊनही दशकं गेली. तरी संख्या वाढली नाही. जुने झुबके होते तिथे होते, दरवर्षी बीजाणू टाकत होते, आणि त्यांच्या आसपास कोवळं रोप सापडत नव्हतं.

का, ते समजायला नेच्याचं आयुष्य दोन तुकड्यांत पाहावं लागतं. आपण ज्याला नेचा म्हणतो तो एक तुकडा. पानामागच्या एकेका बीजाणुधानीत साधारण ६४ बीजाणू तयार होतात, आणि एका छोट्या पानावरही बीजाणुधान्या शेकड्यांनी असतात. बीजाणू पडला, ओल आणि उजेड मिळाला, की त्यातून नेचा उगवत नाही. उगवतो प्रोथॅलस: काही मिलिमीटरचा, बहुधा बदामाच्या आकाराचा, एका पेशीच्या जाडीचा हिरवा पापुद्रा. त्याला ना खरी मुळं, ना पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. खालच्या बाजूला शुक्रपेशी आणि अंडपेशी तयार होतात. शुक्रपेशीला पोहून जायला पाण्याचा पातळ थर लागतो. फलन झालं तरच त्या पापुद्र्यातून खऱ्या नेच्याचं पहिलं पान वर येतं, आणि तेही नखाएवढं.

हा पापुद्रा सगळ्यात नाजूक. मोठा झुबका कोरड पडली तर पानं वळवून बसेल, प्रोथॅलसजवळ असली सोय फारशी नसते. त्याला महिनोन्‌महिने न सुकणारी पण न साचणारी ओल हवी, उघडी जागा हवी, आणि शेजारी शेवाळ नको. शेवाळ त्याच्याहून वेगाने वाढतं आणि त्याला झाकून टाकतं. रोपवाटिकेत काम करणारा कुणीही हे सांगेल. बीजाणू उगवणं हा सोपा भाग, पुढचं सगळं शेवाळ, बुरशी आणि त्या बारीक काळ्या माश्यांशी भांडण्यात जातं. उघड्या कड्यावर तर हे सगळे पहारे एकदम ओलांडायचे असतात. ज्या फटीत पाणी झिरपतं तिथे शेवाळ आधीच बसलेलं, आणि जिथे शेवाळ नाही ती फट उन्हाळ्यात सुकणारी. दगड निसटून नव्या फटी उघड्या पडतात तेव्हा थोडी संधी मिळते. पण त्या वेळी आसपास भरपूर बीजाणू पडत असले तर.

आणि इथे ८२ चा आकडा येतो. समजा, नॉर्वेहून एक बीजाणू खरंच उडत आला आणि योग्य फटीत पडला. त्यातून एकच प्रोथॅलस. त्याने स्वतःच्याच शुक्रपेशीने स्वतःचीच अंडपेशी फलित केली तर होणाऱ्या रोपात दोन्ही गुणसूत्रसंच तंतोतंत सारखे असतात. आपल्याकडे जवळच्या नात्यात लग्नं होतात तेव्हाही असं कधी होत नाही, इतकं हे टोकाचं. बीजाणूत एखादं दुबळं जनुक असेल तर ते झाकायला दुसरी प्रतच नाही. अल्पिनासारख्या चार संचांच्या जातीत दुसऱ्या पूर्वजाकडून आलेली प्रत शिल्लक असते, म्हणून अशा जाती एकट्या बीजाणूपासूनही वसाहत करू शकतात. दोनच संचांच्या इल्व्हेन्सिसला ते जड जातं. त्याला दोन वेगळ्या बीजाणूंचे दोन प्रोथॅलस शेजारी शेजारी हवेत, इतके जवळ की पावसाच्या थेंबात शुक्रपेशी एकावरून दुसऱ्यावर पोचेल. समुद्र ओलांडून आलेले बीजाणू असे जोडीने पडत नाहीत. जोडी पडते ती दाट वस्तीच्या आसपास, जिथे दरवर्षी बीजाणूंचा पाऊस असतो. कड्यावरच्या पाच-दहा विखुरलेल्या म्हाताऱ्या झुबक्यांभोवती तो पाऊस उरलेला नाही.

म्हणून माझं मत असं की या नेच्याच्या बाबतीत लाल यादीचा शेरा खरा असला तरी तो भलतीकडे बघायला लावतो. शेरा मोजतो ती मोठी रोपं. अडचण आहे ती नखाएवढ्या पापुद्र्याच्या वयात, जे वय कुणी मोजत नाही आणि मोजणं जवळजवळ अशक्य आहे. मोठा झुबका वर्षानुवर्षं जगतो, त्यामुळे आकडा दीर्घकाळ स्थिर दिसतो आणि कागदावर सगळं ठीक वाटतं. मग एक दरड कोसळते किंवा एक फार कोरडा उन्हाळा येतो आणि आकडा एकदम खाली येतो, कारण त्या जागी यायला कुणी तरुण नसतं. ज्या जातीत पिल्लं दिसत नाहीत तिचा आकडा स्थिर असणं ही चांगली बातमी मानू नये.

एडिनबर्गमध्ये एड्रियन डायर आणि स्टुअर्ट लिंडसे यांनी नेच्यांच्या मातीतल्या बीजाणुसाठ्यावर मोलाचं काम केलं. बऱ्याच नेच्यांचे बीजाणू उजेडाशिवाय उगवत नाहीत. मातीत गाडले गेले की ते तसेच जिवंत पडून राहतात आणि माती उकरली की उगवतात. म्हणजे नेच्याची एक बँक जमिनीत असते. जंगलातल्या जातींना हिचा मोठा आधार. पण कड्याच्या फटीत माती किती असणार? चिमूटभर. तेव्हा वुडसियाच्या खात्यात शिल्लक फार नाही.

यातून बाहेर पडायचा एकच रस्ता होता: नाजूक वय माणसाने काचेखाली सांभाळायचं आणि पहाऱ्यांपलीकडे गेलेलं रोप कड्यावर न्यायचं. एडिनबर्गच्या बागेने तेच केलं. ब्रिटनमधल्या उरलेल्या वस्त्यांतून परवानगीने बीजाणू गोळा केले, प्रत्येक वस्तीची रोपं वेगळी ठेवून वाढवली, आणि १९९९ मध्ये मॉफॅटच्या डोंगरांत तसंच इंग्लंडच्या अपर टीस्डेल खोऱ्यात, जिथून तो नाहीसाच झाला होता, रोपं लावली. हेदर मॅकहॅफी यांनी पुढे त्यांची नोंद ठेवली. काही जागी रोपं चांगली तगली आणि त्यांनी बीजाणूही धरले, काही जागी गळती जास्त झाली. यशाची खरी कसोटी रोप जगलं की नाही ही नाही. लावलेल्या रोपांच्या बीजाणूंपासून आपणहून उगवलेलं रोप दिसलं पाहिजे. त्यासाठी एका जागी पुरेशी दाट लागवड हवी, म्हणजे वर सांगितलेला बीजाणूंचा पाऊस पुन्हा सुरू होईल. दहा जागी पाच-पाच लावण्यापेक्षा दोन जागी पंचवीस-पंचवीस लावा, असं मी कुणीही विचारलं तर सांगेन. याला विरोधही होतो, आणि तो बिनबुडाचा नाही: एक दरड कोसळली तर पंचवीसही जातील. तरीही एकमेकांपासून तुटलेली पाच-पाच रोपं म्हणजे आधीचीच अडचण नव्याने लावल्यासारखं होतं.

आता तुमच्या पानाबद्दल. नको. कायद्याने आठव्या परिशिष्टातल्या वनस्पतीचं पान खुडणंसुद्धा गुन्हा आहे, आणि बीजाणूंसाठी पान घेणं म्हणजे खुडणंच. स्कॉटलंडमध्ये नेचरस्कॉटचा परवाना लागतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर बदलत नाही. एक, दहा पानांच्या झुबक्यातून एक पान नेणं म्हणजे त्या वर्षाच्या बीजाणूंचा मोठा हिस्सा नेणं. दोन, एकाच पानाचे बीजाणू म्हणजे एकाच रोपाची संतती. ती कड्यावर लावलीत तर नात्यातल्या नात्यात फलनाची तीच अडचण वाढेल. तीन, घरच्या कुंडीतली माती. रोपवाटिकांच्या मातीतून फायटॉफ्थोरासारखे मुळं कुजवणारे रोग रानात गेल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत, आणि डोंगरावर एकदा गेलेला रोग परत आणता येत नाही. चार, नोंद. कुणी काय कुठून आणून लावलं हे लिहिलेलं नसेल तर वीस वर्षांनी तिथे येणाऱ्या वनस्पतीशास्त्रज्ञाला तो नैसर्गिक अवशेष वाटेल आणि सगळे निष्कर्ष चुकतील. आयुसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने २०१३ साली पुनर्स्थापनेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही नोंदी ठेवण्यावर भर आहे. बागवाल्यांकडे वुडसिया म्हणून जे विकतात ते बहुधा अमेरिकेतला ऑब्टुसा किंवा पूर्व आशियातला पॉलिस्टिकॉइडिस असतो. तो खिडकीत लावा, खुशाल लावा, छान येतो. डोंगरावर नेऊ नका, एवढंच.

बीजाणू पेरायची हौस असेल तर ती मुळीच मारू नका. साध्या नेच्यांवर हात बसवा. पानामागचे ठिपके तपकिरी होऊ लागले की पान कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत तळाला भुकटी जमते. कुंडीतल्या मातीवर उकळतं पाणी ओतून, ती गार झाल्यावर भुकटी अगदी विरळ भुरभुरायची, वर काच किंवा पातळ प्लास्टिक, आणि थेट ऊन नको. जे लोक सगळी भुकटी एकदम ओततात त्यांच्याकडे प्रोथॅलसांची दाटी होते आणि ते अर्धवटच राहतात. ब्रिटिश टेरिडॉलॉजिकल सोसायटी १८९१ पासून चालू आहे आणि सभासदांसाठी बीजाणूंची देवाणघेवाण चालवते. तिथे हवे तेवढे प्रकार मिळतील.

वुडसियापाशीच थांबले तर 'अल्पाइन नेचा' या शब्दाबद्दल गैरसमज राहील. इल्व्हेन्सिस ब्रिटनमध्ये साधारण चारशे ते सातशे मीटरवर सापडतो. आपला कळसूबाई १,६४६ मीटर, तिथे अल्पाइन म्हणावं असं काही नाही. अल्पाइन ही उंची नसून झाडं जिथे वाढायची थांबतात त्याच्या वरचं हवामान आहे. स्कॉटलंडमध्ये ती रेषा सहाशे मीटरच्या आसपास येते, पश्चिम हिमालयात साडेतीन हजारांच्या वर. स्कॉटलंडमध्ये खरोखर उंचावर, बर्फाशी जोडलेला नेचा बघायचा असेल तर अल्पाइन लेडी-फर्न आणि त्याचा 'फ्लेक्सिल' हा प्रकार बघा. हिमनद्यांनी कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांत, मोठ्या दगडांच्या घसाऱ्यात, जिथे बर्फ उशिरापर्यंत पडून राहतं तिथे ते वाढतात. उशिरा वितळणाऱ्या बर्फामुळे दांडगी झाडं-गवतं तिथे टिकत नाहीत आणि या नेच्यांना मोकळी जागा मिळते.

फ्लेक्सिलची गोष्ट संवर्धनवाल्यांना अडचणीत टाकणारी आहे, म्हणून सांगायलाच हवी. पानं छोटी, आडवी पसरलेली, बीजाणू पानाच्या बुडाकडे आणि लहान वयातच येणारे. हा जगात फक्त स्कॉटलंडमध्ये सापडतो. एकोणिसाव्या शतकापासून त्याला वेगळी जात मानत, आणि वेगळी, फक्त त्याच देशातली जात म्हणून संवर्धनाच्या याद्यांतही त्याला मानाचं स्थान होतं. २००१ मध्ये मॅकहॅफी आणि सहकाऱ्यांनी संकरांचे प्रयोग करून दाखवलं की हा सगळा फरक एकाच जनुकामुळे पडतो. म्हणजे जात नाही, प्रकार. काहींनी लगेच विचारलं: मग यावर पैसे का खर्चायचे? मला हा प्रश्न उतावळेपणाचा वाटतो. एका जनुकाच्या फरकाने एखादी वनस्पती लवकर वयात येऊन बीजाणू टाकू लागते आणि रानातल्या त्या विशिष्ट घसाऱ्यात मूळ जातीच्या शेजारी टिकून राहते, हीच तर उत्क्रांती चालू असताना बघायची संधी. पण हेही खरं की यादीतलं स्थान नावावर ठरतं, आणि नाव उतरलं की पैसा उतरतो.

या नेच्यांना तोडणारा कुणी नाही. त्यांचं बर्फच जातंय. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स पर्वतरांगेतल्या ब्रेरिआख डोंगरावर 'स्फिंक्स' नावाचा बर्फाचा तुकडा आहे, ब्रिटनमधला सगळ्यात चिवट. विसाव्या शतकात तो १९३३, १९५९ आणि १९९६ असा तीनदाच पूर्ण वितळल्याची नोंद आहे. या शतकात २००३, २००६, २०१७, २०१८, आणि मग २०२१, २०२२, २०२३ असा लागोपाठ. बर्फ लवकर गेलं की खालची गवतं वर चढतात. हिमालयात वर सरकायला अजून डोंगर शिल्लक असतो. स्कॉटलंडचा सगळ्यात उंच बेन नेव्हिस १,३४५ मीटरला संपतो.

शेवटचा प्रश्न हिमालयाचा. वुडसियाच्या जाती तिथेही आहेत. घसाऱ्यात दगडांच्या सावलीला क्रिप्टोग्रामाही दिसतो. त्याची वांझ पानं कोथिंबिरीसारखी आणि बीजाणूंची पानं वेगळी, अरुंद. आपल्याकडे या नेच्यांवर विक्टोरियन खुळासारखी धाड पडली नाही. उत्तराखंड-हिमाचलमध्ये भाजीसाठी लिंगडा तोडतात, पण ते खालच्या ओल्या नाल्यांकाठचे नेचे, वृक्षरेषेच्या वरचे नव्हेत. वर त्रास आहे तो रस्त्यांसाठी फोडलेल्या कड्यांचा, घसरणाऱ्या दरडींचा आणि काही बुग्यालांवर (उंचावरच्या कुरणांवर) जास्त झालेल्या चराईचा. कायद्याचा आधार तोकडा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ मध्ये वनस्पतींचं जे परिशिष्ट जोडलं त्यात घटपर्णी, कुठ नावाची औषधी वनस्पती, काही ऑर्किड अशा सहा नोंदी होत्या, नेचा एकही नव्हता.

त्याहून मोठी अडचण याद्यांची. भारतात नेच्यांच्या जाती हजाराच्या आसपास आहेत आणि दुर्मिळ म्हणून त्यांतल्या शेकडो नावांच्या याद्या निघाल्या. ख्रिस्तोफर फ्रेझर-जेन्किन्स हे आपल्या नेच्यांचे गाढे अभ्यासक. त्यांनी या याद्यांवर वर्षानुवर्षं कडक टीका केली: अनेक नावं चुकीच्या ओळखीची, अनेक फक्त एका राज्यात विरळ पण शेजारी भरपूर. ही टीका काहींना झोंबते, पण मला ती मोलाची वाटते. ब्रिटनमध्ये एकेक झुबका मोजून शेरा दिला गेला, तसा आपल्याकडच्या उंचावरच्या बहुतेक नेच्यांना मिळालेला नाही. हर्बेरियममधल्या दोन-तीन वाळवलेल्या नमुन्यांवरून दुर्मिळ ठरवलेली जात खरंच दुर्मिळ असेल, किंवा साडेचार हजार मीटरवर चढून नेच्याच्या पानाची मागची बाजू बघणारे लोक दुर्मिळ असतील. दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून शेकडो ट्रेकर व्हॅली ऑफ फ्लॉवर्सकडे जातात आणि ब्रह्मकमळाचे फोटो घेऊन येतात. घसाऱ्यातल्या नेच्याकडे कुणी कॅमेरा वळवत नाही.

मॉफॅटला तुम्ही जाताच आहात, तर हे करा. जून ते सप्टेंबर हे महिने, कारण हिवाळ्यात पान दिसणारच नाही. कड्यावर चढू नका. पायथ्याचे मोठे दगड आणि पायवाटेजवळच्या फटी बघा, आणि पुनर्लागवडीच्या खुणा दिसल्या तर तिथून मागे फिरा. संशयित झुबका दिसला तर तीन फोटो घ्या: पूर्ण झुबका शेजारी नाण्यासह, पान न तोडता वळवून मागची बाजू, आणि बुडाशी सारख्या उंचीची खुंटं. फोनमधली ठिकाणाची नोंद फोटोसोबत कुठेही जाहीर करू नका. बोटॅनिकल सोसायटी ऑफ ब्रिटन अँड आयर्लंडचे प्रत्येक भागासाठी नेमलेले नोंदणीकार आहेत, नेमकी जागा फक्त त्यांना कळवा. आणि झुबक्याच्या आसपास नखाएवढी कोवळी पानं दिसली, तर पत्रात ती ओळ सगळ्यात वर लिहा.